विद्यार्थिदशेतील संशोधक : सर विल्यम हेन्री पर्किन

पाठ्यपुस्तके नीट अभ्यासावीत, गुरुजनांनी सांगितलेले ध्यानात ठेवावे, परीक्षेत उत्तम यश मिळवावे आणि मग उद्योगधंद्याला लागावे, हाच विद्यार्जनाचा राजमार्ग होय असे बहुतेकांस वाटते. आणि हा मार्ग चुकीचा आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या राजमार्गालगतच एक पाऊलवाट जात असते. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही असा एखादा प्रश्न आपला आपण हाती घ्यावा आणि त्याच्या उत्तरासाठी महिनेच्या महिने खटपट करावी, ही ती पाऊलवाट होय. शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी या वाटेने जावे काय? १६-१७ वर्षांच्या मुलांनी संशोधनाच्या मागे लागणे म्हणजे नीट चालता येण्यापूर्वीच धावू पाहणे नव्हे काय? अशी शंका पुष्कळ पालकांच्या मनात येते आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. तिचे उत्तर नुसत्या युक्तिवादाने देण्यापेक्षा एका मुलाच्या चरित्राने दिलेले अधिक बरे.

विल्यम हेन्री पर्किन याचा जन्म लंडन शहराच्या पूर्व भागातील शॅडवेल या वस्तीत १२ मार्च १८३८ रोजी झाला. त्याचे वडील जॉर्ज पर्किन हे सुतारकाम व घरबांधणी यांचा व्यवसाय करीत. सात भावंडांत विल्यम सर्वांत धाकटा. घरची स्थिती खाऊनपिऊन सुखी अशी होती. पण विद्वत्तेची किंवा शास्त्राध्ययनाची परंपरा त्या घराण्यात नव्हती. मुलाने वास्तुशिल्पी व्हावे, आपल्या व्यवसायाला शोभा आणावी, अशी पित्याची साहजिकच इच्छा होती. विल्यम १२-१३ वर्षांचा असता त्याच्या एका मित्राने त्याला सोडा व तुरटी यांचे स्फटिक कसे तयार होतात ते दाखविले. पातळ द्रवातून रेखीव, पैलूदार खडे आपोआप आकारास येतात हे पाहून त्या मुलाचे मन जे रसायनशास्त्राकडे ओढले गेले, ते पुन्हा परतले नाही.

पुढे तो सिटी ऑफ लंडन स्कूल या शाळेत जाऊ लागला. त्या काळी रसायनशास्त्राला शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकात स्थान नव्हते. टॉमस हॉल नावाचे एक शिक्षक आठवड्यातून दोन वेळा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, या विषयावर व्याख्याने देत व प्रयोग करून दाखवीत. विल्यम जेवण सोडून या व्याख्यानांना बसे. हॉल यांच्या दृष्टीस ही गोष्ट येताच त्यांनी त्याला प्रयोगांच्या मांडामांडीत आपला साहाय्यक केले. एवढ्यावरच हे गृहस्थ थांबले नाहीत. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्या वेळी मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञांची व्याख्याने होत असत. ती ऐकण्याची परवानगी फॅरडे यांच्याकडेच पत्राने मागण्यास त्यांनी विल्यमला उत्तेजन दिले व ती त्याला मिळाली. शिवाय मुलाला वास्तुशिल्पाऐवजी रसायनशास्त्राकडे जाऊ द्यावे, म्हणून त्यांनी पित्याची वारंवार समजूत घातली. पित्याला ही गोष्ट रुचली नव्हती. त्या धंद्यात उदरनिर्वाह होईल असा भरवसा त्या काळी कोण देणार? तथापि, शेवटी त्याने मुलाच्या ओढीपुढे आपला हट्ट सोडला. एका शिक्षकाने पारखले व एका पित्याने मोकळे केले, म्हणून पुढचे सर्व घडले, ही गोष्ट विसरता कामा नये.

१८५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, विल्यम लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये दाखल झाला. ही संस्था १८४५ साली स्थापन झाली होती आणि तिचे प्रमुख ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हे जर्मनीतून आलेले नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. कोळशापासून दिव्यांचा वायू काढताना मागे जे काळे, दुर्गंधी डांबर उरे, त्यातील निरनिराळी द्रव्ये वेगळी करून त्यांचे गुणधर्म शोधणे हा हॉफमन यांचा आवडता विषय. आरंभीचा ठरीव अभ्यासक्रम पुरा होताच त्यांनी पर्किनला एक स्वतंत्र प्रश्न नेमून दिला. डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीन नावाच्या पदार्थापासून एक नवे द्रव्य बनवावयाचे होते. मुलाने पुष्कळ परिश्रम केले, परंतु ते द्रव्य काही मिळाले नाही. अँथ्रासीनच्या घटनेविषयीचा जो आकडा त्या काळी ग्रंथांत दिलेला होता तोच चुकीचा असल्यामुळे त्याच्या पृथक्करणाचा मेळ बसेना. पहिलेच संशोधन असे निष्फळ ठरले. पण हे निष्फळ संशोधन वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण १४-१५ वर्षांनी त्याला फळ येणार होते.

पुढच्या प्रश्नांत त्याला यश आले आणि सतराव्या वर्षी हॉफमन यांनी त्याला आपला साहाय्यक नेमले. आता दिवसाचा सर्व वेळ गुरूंच्या कामात जाऊ लागला. आपल्या मनातील प्रश्नांना वेळ कोठून आणावयाचा? पर्किनने घरीच, वरच्या मजल्यावरील एका अरुंद लांबट खोलीच्या अर्ध्या भागात, प्रयोगशाळा थाटली. एक मेज, बाटल्या ठेवण्यासाठी काही फळ्या आणि शेकोटीच्या जागी बांधलेली एक भट्टी, एवढीच तिची सामग्री. तेथे पाण्याचा नळ नव्हता की वायूचा दिवा नव्हता. स्पिरिटच्या दिव्यांवर काम भागवावे लागे. कॉलेजातून परतल्यावर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवसांत तो तेथे काम करी. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला जाणून घ्यावयाचे होते म्हणून.

१८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत पर्किनने या खोलीत एक फार मोठा प्रश्न हाती घेतला. हिवतापावरील एकमेव खात्रीचे औषध म्हणजे कोयनेल. ते दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाच्या सालीपासून काढीत. ते महाग असे आणि हिंदुस्थानासारख्या तापाच्या प्रदेशांत त्याची गरज अतोनात होती. डांबरातील द्रव्यांपासून कोयनेल बनविता आले तर किती उपकार होतील, असे हॉफमन यांनी पूर्वी सुचविले होते. शिष्याने ती सूचना मनात धरली. कोयनेलमधील कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व प्राणवायू यांचे प्रमाण त्या वेळी ठाऊक झालेले होते. पर्किनने हिशेब केला की, डांबरापासून मिळणाऱ्या एका द्रव्याचे दोन रेणू जोडून त्यांत प्राणवायू मिळविला व पाणी वगळले, तर बेरीज बरोबर कोयनेलची होते.

गणित बिनचूक होते, पण त्यामागील कल्पना चुकीची होती. दोन घरांना लागलेल्या विटा सारख्याच असल्या म्हणून घरे काही सारखी होत नाहीत. विटा कशा रचल्या यावर सर्व अवलंबून असते. रेणूंमध्ये अणूंची रचना कशी असते याचे ज्ञान त्या काळी जगात कोणासच नव्हते. ते केकुले आदी शास्त्रज्ञांच्या विचारांतून १८५८ नंतर हळूहळू उदयास आले. तेव्हा पर्किनच्या पात्रात कोयनेलच्या शुभ्र चूर्णाऐवजी तांबूस तपकिरी साका बसला. प्रयोग फसला होता.

येथेच खरा प्रसंग आहे. फसलेला प्रयोग ओतून टाकून देणे अगदी सोपे होते. दहांतील नऊ जणांनी तेच केले असते. पर्किनला मात्र प्रश्न पडला की, हे असे का झाले? त्याने तोच प्रयोग ॲनिलिन या अधिक साध्या द्रव्यावर करून पाहिला. या वेळी तर पार काळाकुट्ट साका मिळाला. तोही त्याने टाकला नाही. तो धुऊन, वाळवून त्याने मद्यार्कात भिजविला, तेव्हा त्या मद्यार्काला अत्यंत सुंदर जांभळा रंग चढला. रेशमाचा तुकडा त्यात बुडविताच तो त्या रंगाने रंगला. साबणाने धुतला तरी रंग गेला नाही आणि बरेच दिवस उजेडात ठेवला तरी विटला नाही. आणखी एक आश्चर्य असे की, पर्किनजवळचे ॲनिलिन शुद्ध नव्हते. त्यात टोल्युइडिन नावाची द्रव्ये मिसळलेली होती. ती नसती तर हा रंग तयारच झाला नसता. सुदैव होते खरे. परंतु ते सुदैव ज्याच्या दारी आले, त्याने दार उघडे ठेवले होते.

त्या काळापर्यंत कापडाचे रंग बहुतेक वनस्पतींपासून व काही कीटकांपासून मिळत. टिकाऊ जांभळा रंग विशेष दुर्मिळ. प्राचीन काळी तो समुद्रातील शिंपल्यांपासून काढीत आणि राजेरजवाड्यांखेरीज इतरांस तो परवडत नसे. पर्किनने रंगविलेल्या रेशमाचे नमुने स्कॉटलंडातील पर्थ येथील पुलर यांच्या प्रसिद्ध रंगकारखान्याकडे पाठविले. रंगामुळे माल फार महाग होणार नसेल तर हा शोध बहुमोल ठरेल, असा अभिप्राय जून महिन्यात आला. २६ ऑगस्ट १८५६ रोजी पर्किनने पेटंट घेतले. त्याला २१ वर्षे पूर्ण झाली नसल्यामुळे ते त्याला मिळू शकते की नाही, याविषयी कायदेपंडितांचा सल्ला घ्यावा लागला, कारण तो तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता.

मग त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय करण्याची वेळ आली. रंग तयार करावयाचा तर कॉलेज सोडणे प्राप्त होते. हॉफमन यांना हे मुळीच आवडले नाही. इतका बुद्धिमान विद्यार्थी शास्त्र सोडून कारखानदारीत शिरतो, याचे त्यांना वाईट वाटले. गुरूची नाराजी विल्यमलाही बोचली. धंद्यात शिरल्यावर आपले संशोधन कायमचे सुटेल, हीच भीती त्याच्याही मनात होती. तरीही त्याने कॉलेज सोडले. मात्र संशोधन सोडावयाचे नाही, असा निश्चय त्याने त्याच वेळी केला. ज्या पित्याला मुलाने रसायनशास्त्र शिकावे असे वाटत नव्हते, त्यानेच आपल्या जन्माच्या शिलकीतील बहुतेक पैसा या उद्योगात घातला. थोरला भाऊ टॉमस भागीदार झाला. हॅरोजवळ ग्रीनफर्ड ग्रीन येथे कालव्याच्या काठी १८५७ च्या जूनमध्ये कारखान्याच्या बांधणीस आरंभ झाला. रासायनिक कारखाना आतून कसा असतो हे त्यांच्यापैकी कोणीही कधी पाहिले नव्हते. लागणारी तीव्र आम्ले बाजारात मिळत नसत, म्हणून चिलीहून येणाऱ्या सोऱ्यापासून ती तयार करावी लागत. यंत्रे नव्याने योजावी लागत. स्फोटाचे भय तर नित्याचेच होते. इतके असूनही त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमधील एका रेशीम रंगविणाऱ्या कारखान्यास या रंगाचा पुरवठा सुरू झाला. सुती कापडावर तो रंग बसत नसे, त्यासाठी टॅनिनचा उपयोग करण्याची युक्तीही लवकरच सापडली. फ्रेंच भाषेतील एका फुलाच्या नावावरून या रंगाला ‘मॉव्ह’ हे नाव पडले आणि थोड्याच काळात लंडन-पॅरिसमधील वस्त्रांवर तो सर्वत्र दिसू लागला.

धंद्याच्या या धामधुमीतही पर्किन यांनी आपला निश्चय पाळला. १८६६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांना रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. १८६८ साली त्यांनी कूमारिन हे सुगंधी द्रव्य कृत्रिम रीतीने बनविले. तत्संबंधीची रासायनिक क्रिया आजही पर्किन यांच्याच नावाने शिकविली जाते. त्याच वर्षी ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीतील वनस्पतीच्या मुळांतून मिळणारा अलिझारिन हा लाल रंग अँथ्रासीनपासून तयार करून दाखविला. पण त्यांची रीत फार खर्चाची होती. अँथ्रासीन! विद्यार्थिदशेतील ते निष्फळ संशोधन ज्या पदार्थावर झाले, तोच हा. पर्किन यांना त्याची जुनी ओळख होती. वर्षभरात त्यांनी स्वस्त रीत शोधून काढली आणि २६ जून १८६९ रोजी पेटंटासाठी अर्ज केला; जर्मनीतील प्रतिस्पर्ध्यांचा अर्ज त्यांच्या आधी केवळ एक दिवस दाखल झाला होता. ग्रीनफर्ड ग्रीनच्या कारखान्यातून १८६९ साली एक टन, १८७१ साली २२० टन आणि १८७३ साली ४३५ टन अलिझारिन बाहेर पडले. शोधाच्या शेतात पेरलेले बी केव्हा उगवेल याचा नेम नसतो, परंतु प्रामाणिकपणे केलेले काम सहसा कुजून जात नाही.

या यशाची दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे आहे. कृत्रिम रंग स्वस्त झाले तसे फ्रान्स, हॉलंड इत्यादी देशांत लाल रंगासाठी मुळांची शेती करणारे शेतकरी बुडाले. पुढे १८९७ पासून जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली, तेव्हा आपल्या देशातील निळीच्या लागवडीसही ओहोटी लागली. बिहारातील मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने गरीब रयतेवर लादला आणि त्या दुःखातूनच १९१७ चा चंपारण्यातील सत्याग्रह उद्भवला. नीळ हा काही पर्किन यांचा शोध नव्हता. तथापि, एका लहानशा खोलीत काढलेली वाट किती दूरवर, किती माणसांच्या दारापर्यंत जाते, हे यावरून कळते. संशोधकाने केवळ सत्याचाच नव्हे, तर आपल्या शोधाच्या परिणामांचाही विचार करावयास शिकले पाहिजे.

१८७४ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी, पर्किन यांनी भरभराटीत असलेला कारखाना विकून टाकला. निर्वाहापुरते द्रव्य जमले होते. अधिक मिळविण्याची हाव त्यांना नव्हती. उरलेले सर्व आयुष्य त्यांनी सडबरी येथील घरालगतच्या प्रयोगशाळेत शुद्ध संशोधनात घालविले. चुंबकाच्या प्रभावाने निरनिराळ्या द्रवांतून जाणाऱ्या प्रकाशावर काय परिणाम होतो, या विषयावर त्यांनी वर्षानुवर्षे सूक्ष्म निरीक्षणे केली. हा परिणाम मुळात शोधून काढला होता तो फॅरडे यांनी. ज्यांची व्याख्याने शाळकरी वयात ऐकली, त्यांच्याच कार्याची सेवा शिष्याने अशी उतारवयात केली. ते स्वभावाने नम्र, धर्मनिष्ठ व संकोची होते. त्यांचे तिन्ही पुत्र रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांपैकी आर्थर जॉर्ज यांनी तर वनस्पतिजन्य रंगांच्या, त्यांत हिंदुस्थानातील आल या झाडाच्या मुळातील रंगाच्या, अभ्यासात मोठे नाव मिळविले. १९०६ साली मॉव्हच्या शोधास ५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा गौरव केला व त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १४ जुलै १९०७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्या कोयनेलसाठी त्यांनी आरंभ केला, ते त्यांना कधीच बनविता आले नाही. त्याच्या कृत्रिम घटनेचा मार्ग अमेरिकेतील वुडवर्ड व डोअरिंग यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. मॉव्हच्या रेणूंची नेमकी रचनादेखील १९९४ साली निश्चित झाली. परंतु पर्किन यांच्यामागून निघालेल्या रंगांनी रोगजंतूंना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दृश्य केले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू दाखविले ते अशाच रंगांच्या साह्याने. आणि १८९१ साली पॉल एर्लिख यांनी अशाच एका निळ्या रंगाचा उपयोग प्रत्यक्ष हिवतापाच्या रोग्यांवर करून पाहिला. हिवतापाच्या औषधाचा शोध करता करता रंग सापडला आणि त्या रंगांच्या कुळातूनच पुन्हा हिवतापाच्या औषधाची दिशा दिसली!

आरंभीच्या शंकेचे उत्तर आता देता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला पर्किनप्रमाणे कीर्ती किंवा संपत्ती लाभेल असे मुळीच नाही. तशा आशेने संशोधन करणे म्हणजे सोडतीचे तिकीट घेण्यासारखेच होय. लाभ आहे तो वेगळाच. नेमून दिलेला धडा पाठ करताना आपण दुसऱ्याने मिळविलेले ज्ञान स्वीकारतो. स्वतःच्या प्रश्नामागे लागल्यावर ज्ञान मिळवावे कसे हे आपणांस कळते. आपली समजूत चुकीची ठरली तर ती सोडून देण्याचे धैर्य, निष्फळ दिसणाऱ्या गोष्टीकडेही आदराने पाहण्याची दृष्टी आणि कोणी पाहत नसतानाही काम नेटाने करण्याची सवय, हे गुण परीक्षेच्या तीन तासांत अंगी बाणत नाहीत. पर्किनने पाया आधी पक्का केला, हेही विसरू नये. हॉल यांची व्याख्याने व हॉफमन यांची शिस्त नसती, तर तो काळा साका त्यालाही केवळ काळाच दिसला असता. अभ्यास आणि शोध ही एकमेकांची वैरी नव्हेत. एकाने दुसऱ्यास बळ येते.

विद्यार्थिमित्रांनो, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते असे समजू नका. आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती उतरते, आपल्या परिसरातील जुन्या शिलालेखावर काय कोरले आहे, आपल्या आजीच्या तोंडच्या ओव्यांत कोणते शब्द आज वापरातून गेले आहेत, यांपैकी कोणताही प्रश्न एक वर्ष पुरेल एवढा मोठा आहे. तो निवडा, रोजच्या रोज टिपण ठेवा आणि आलेले उत्तर अपेक्षेप्रमाणे नसले तरी जसेच्या तसे लिहा. पालकांस एवढीच विनंती की, मुलाने घरातील एखादा कोपरा मागितला तर तो द्यावा. तेथे थोडा पसारा होईल, क्वचित वासही येईल. परमेश्वराने दिलेले बुद्धीचे धन जमिनीत पुरून ठेवण्यासाठी नाही, आणि ते बाहेर काढून राबविण्यास विद्यार्थिदशेइतका योग्य काळ दुसरा नाही.